वहीतली विमानं

(नाशिक येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांच्याकडे मी दोन वर्षं जमाखर्च शिकलो. सरांचा एक प्रश्न ठरलेला असे. आम्ही फळ्यावर एखादी रक्कम जमेच्या बाजूला मांडली की ते खडू खाली ठेवायचे आणि विचारायचे, "ही तुझी कमाई आहे, की तुझ्यावरचा बोजा?" गिऱ्हाइकानं आगाऊ दिलेले शंभर रुपये दुकानदाराच्या गल्ल्यात पडतात खरे, पण माल हातात पडेपर्यंत ते त्या गिऱ्हाइकाचेच असतात. एवढं समजायला आम्हाला अख्खी सहामाही लागली. पुढे चाळीस वर्षं मी कारखान्यांचं कॉस्टिंग केलं, आणि चांगल्या मोठ्या माणसांचाही या जागी पाय घसरताना पाहिला.

आज तोच प्रश्न मी आपल्या शेजारच्या एका कारखान्याला विचारणार आहे. हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड, म्हणजे एचएएल. आपल्याकडे एसटीत बसून कुणी हे लांबलचक नाव घेत नाही; कंडक्टरला 'ओझर मिग' म्हटलं की पुरतं. ३१ मार्च २०२५ रोजी या कंपनीच्या ऑर्डर बुकमध्ये, म्हणजे घेतलेल्या पण अजून पुऱ्या न केलेल्या मागण्यांच्या वहीत, १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून मोठा आकडा होता. त्याच वर्षातली कंपनीची उलाढाल साधारण ३१ हजार कोटींची. भागाकार तोंडी होण्यासारखा आहे. त्या दिवसापासून एकही नवी ऑर्डर घेतली नसती, तरी सहा वर्षं पुरेल एवढं काम हाताशी होतं. शेअर बाजाराला हा आकडा फार आवडला. पेपरांनी तो ठळक छापला. मला मात्र सरांचा खडू खाली ठेवल्याचा आवाज ऐकू आला.

मी मूळचा निफाड तालुक्यातला. आता तिकडे जिथे पाहावं तिथे द्राक्षांचे मांडव आहेत, पण माझ्या लहानपणी ऊस होता. लागण झाली की शेतकरी कारखान्याच्या गट ऑफिसात जाऊन नोंद करायचा. ज्या वर्षी नोंद भरपूर, त्या वर्षी सभेत टाळ्या पडायच्या. शेतकरी मात्र त्याच वर्षी धास्तावायचा, कारण वहीतल्या उसाची साखर होत नाही हे त्याला ठाऊक होतं. त्यासाठी तोड यावी लागते, टोळी यावी लागते, गाडी मिळावी लागते, आणि गव्हाणीत, म्हणजे ऊस टाकायच्या पट्ट्यावर, दिवसाला जेवढा ऊस जातो तेवढाच जातो. मधल्या काळात रानातला ऊस काही थांबत नाही. त्याला तुरे फुटतात, वजन घटतं, उतारा घसरतो, आणि पुढच्या पिकाचं रान अडकून पडतं ते वेगळंच.

विमान कारखान्याचं ऑर्डर बुक ही अशीच नोंदवही आहे. कारखाना म्हणतो, माझ्याकडे इतका ऊस नोंदलाय. वायुदल म्हणतं, माझी तोड कधी?

सोलापूरचा माणूस, बंगळूरचा कारखाना

या वहीचं पहिलं पान एका मराठी मुलखातल्या माणसानं उघडलं. वालचंद हिराचंद, जन्म सोलापूर, १८८२. १९३९ साली पॅसिफिक महासागरावरून जाणाऱ्या एका विमानप्रवासात त्यांना विल्यम पॉली हा अमेरिकन गृहस्थ भेटला. पॉली चीनमध्ये विमानं जोडण्याचा कारखाना चालवत होता. वालचंदांनी मनात घेतलं की असा कारखाना हिंदुस्थानात काढायचा. भांडवल उभं करणं त्यांना नवं नव्हतं. जागा आणि पाठबळ म्हैसूर संस्थानानं दिलं, दिवाण मिर्झा इस्माईल यांनी त्यात रस घेतला. अडचण एकच होती. लढाऊ विमान बाजारात मांडून विकता येत नाही. गिऱ्हाईक एकच, आणि ते म्हणजे सरकार. त्या काळी ते सरकारही इंग्रजांचं. म्हणून आधी सरकारच्या मागणीची हमी, मग कारखाना, असा उलटा क्रम लावावा लागला. डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी बंगळूरला नोंदली गेली, आणि १९४१ च्या ऑगस्टात हार्लो जातीचं पहिलं शिकाऊ विमान जोडून तयार झालं.

पुढचा भाग हिशेबाच्या दृष्टीनं जास्त बोलका आहे. १९४१ मध्ये भारत सरकार कंपनीत भागीदार झालं. १९४२ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात आल्या आणि सरकारनं वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन त्यांना बाजूला केलं. १९४३ मध्ये कारखाना अमेरिकन वायुसेनेच्या विमानांच्या दुरुस्तीसाठी वापरला जाऊ लागला. कंपनी काढून तीन वर्षंही झाली नव्हती, तेवढ्यात गिऱ्हाईकच मालक होऊन बसलं. तेव्हापासून आजपर्यंत या घरात मागणी करणारा, पैसे देणारा, मालकी सांगणारा, आणि माल पास की नापास ठरवणारा असे सगळे एकाच कुटुंबातले आहेत. व्याह्यांचा व्यवहार असतो ना, तसा हा व्यवहार आहे. हिशेब चोख ठेवायचा म्हटला तरी कुणी कुणाला फार ताणून धरत नाही, आणि कधी एकदम अबोला धरतात.

युद्ध संपलं तशा मागण्याही संपल्या. मग विमानं बांधण्यासाठी जमवलेल्या कारागिरांनी काय केलं? त्यांनी आगगाडीचे डबे बांधले. हे मी गमतीनं सांगत नाही. बंगळूरच्या त्या कारखान्यानं भारतीय रेल्वेला वर्षानुवर्षं डबे पुरवले; १९६४ मध्ये बीईएमएल ही वेगळी कंपनी निघाल्यावर ते काम तिकडे गेलं. हातात कसब होतं, यंत्रं होती, ऑर्डर नव्हती. याच काळात कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लजकडचे विष्णू माधव घाटगे, जर्मनीत गटिंगनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले, तिथे विमानांचे आराखडे करत होते. त्यांचं एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ मध्ये उडालं, आणि वायुदलातल्या वैमानिकांच्या पिढ्या त्यावर घडल्या.

मग १९६१ चं मारुत. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या देखरेखीखाली बंगळूरला बनलेलं आपलं पहिलं लढाऊ जेट. अंगानं ते ध्वनीपेक्षा वेगानं जाण्यासाठी बेतलेलं होतं, पण त्याला हवं तेवढ्या ताकदीचं इंजिन कधीच मिळालं नाही. जे इंजिन मिळालं त्यावर भागवावं लागलं. १४७ मारुत बनले आणि १९७१ च्या युद्धात त्यांनी चांगली कामगिरीही केली, पण शरीर पैलवानाचं आणि छाती लहान, असंच ते विमान आयुष्यभर राहिलं. ही इंजिनाची गोष्ट ध्यानात ठेवा. साठ वर्षांनी ती पुन्हा भेटणार आहे.

ओझरची सुगी आणि दुष्काळ

ऑगस्ट १९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी मिग-२१ चा करार झाला. त्यानंतर दोनच महिन्यांत चीनचं युद्ध, कृष्ण मेनन यांचा राजीनामा, आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीत. १९६३ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले ते आपल्या नाशिकमधून, आणि तेही बिनविरोध. मिगच्या कामाची तीन ठिकाणी वाटणी झाली. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. १ ऑक्टोबर १९६४ रोजी जुनी हिंदुस्तान एअरक्राफ्ट आणि मिगसाठी काढलेली नवी कंपनी एक होऊन आजची एचएएल झाली.

ओझरनं मिग-२१ च्या एकामागून एक आवृत्त्या केल्या. मग मिग-२७ केलं. डिसेंबर २००० मध्ये सुखोई-३० एमकेआय ही विमानं परवान्यावर इथे बांधायचा करार झाला तो १४० विमानांचा. नंतर मागणी वाढत गेली; वायुदलाच्या एकूण २७२ सुखोईंपैकी २२२ एचएएलनं बांधली. एका पिढीला या कामानं नोकरी दिली, घर दिलं, मुलांना इंजिनिअर केलं. पण सुखोईचं शेवटचं विमान जवळ येऊ लागलं, तसा २०१८-१९ च्या आसपास ओझरपासून सातपूरपर्यंत चहाच्या टपरीवर एकच विषय होता: सुखोईनंतर काय? १२६ विमानांची जी मोठी निविदा होती, ज्यात १०८ विमानं एचएएलनं बांधायची होती, ती २०१५ मध्ये गुंडाळली गेली होती. त्याऐवजी ३६ राफेल थेट फ्रान्सहून तयार आली. त्या निर्णयाच्या राजकारणात मी पडत नाही. ते सांगायला वक्ते पुष्कळ आहेत. मी फक्त वहीत बघतो, आणि वहीत ते पान कोरं आहे.

बघा आता. ज्या कारखान्याच्या नावावर आज सहा वर्षांचं काम आहे, त्याच कारखान्याच्या एका मोठ्या शाखेला २०१८-१९ मध्ये पुढचं काम दिसत नव्हतं. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या नाहीत. आजची सुगी आणि कालचा दुष्काळ एकाच कारणातून आले आहेत, आणि ते कारण समजून घ्यायला तेजस विमानाच्या ऑर्डरी तारखेवार मांडाव्या लागतात.

वीस, वीस आणि मग दहा वर्षं

हलकं लढाऊ विमान बनवायचा कार्यक्रम १९८३ मध्ये मंजूर झाला. तेजसचं पहिलं उड्डाण झालं ४ जानेवारी २००१ रोजी. वायुदलाची पहिली ऑर्डर मार्च २००६ मध्ये, २० विमानांची. दुसरी डिसेंबर २०१० मध्ये, आणखी २० विमानांची. १ जुलै २०१६ रोजी पहिलं स्क्वाड्रन उभं राहिलं ते दोन विमानांवर. तिसरी ऑर्डर ३ फेब्रुवारी २०२१ रोजी, ८३ विमानांची, सुमारे ४७ हजार कोटींची. दुसऱ्या आणि तिसऱ्या ऑर्डरीमधलं अंतर दहा वर्षांच्या वर आहे.

या मधल्या काळात कुणी रिकामं बसलं नव्हतं हे मान्य. विमानाच्या चाचण्या चालू होत्या, वायुदलाच्या अपेक्षा बदलत होत्या, नव्या रडारसह मार्क-१ए ही सुधारित आवृत्ती ठरत होती. पण कारखान्याच्या दृष्टीनं बघा. वीस विमानांसाठी कुणी पाचशे कामगार शिकवून तयार ठेवत नाही. वीस विमानांचे भाग पुरवायला कुणी छोटा कारखानदार कर्ज काढून पाच अक्षांचं मशीन घेत नाही. आणि सातासमुद्रापार बसलेला इंजिनवाला तर मुळीच थांबत नाही.

तेच झालं. तेजसचं एफ-४०४ इंजिन अमेरिकेची जीई कंपनी बनवते. आधीच्या ऑर्डरींची ६५ इंजिनं तिनं २०१६ पर्यंत पुरवली. पुढे मागणी नाही म्हटल्यावर ती उत्पादनाची रेषा बंद पडली. ऑगस्ट २०२१ मध्ये एचएएलनं ९९ इंजिनं मागितली, तेव्हा जीईला पाच वर्षं झोपलेली रेषा पुन्हा जागी करावी लागली. तिचे पुरवठादार पांगले होते, त्यात कोरोना. पहिलं इंजिन हाती आलं मार्च २०२५ मध्ये. मार्क-१ए चं पहिलं विमान वायुदलाला २०२४ च्या सुरुवातीला मिळायचं होतं. २०२५ साल संपलं तरी एकही मिळालं नव्हतं, आणि इंजिनं बोटांवर मोजण्याइतकी आली होती.

सगळं खापर अमेरिकेच्या माथी मारणं सोपं आहे, आणि आपण ते आवडीनं करतो. पण इंजिन वेळेवर आलं असतं तरी रडार, क्षेपणास्त्रं आणि संगणकप्रणाली यांचं एकत्र जुळवणं, त्याच्या चाचण्या, प्रमाणपत्रं ही कामं उरलेलीच होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये वायुदलप्रमुख ए. पी. सिंह यांनी बंगळूरच्या प्रदर्शनात एचएएलच्या माणसांसमोर आपला विश्वास उरला नसल्याचं उघड बोलून दाखवलं. मे महिन्यात उद्योजकांच्या सभेत ते म्हणाले की वेळेवर पुरा झालेला एकही प्रकल्प त्यांना आठवत नाही. लष्करी गणवेशातला माणूस चारचौघांत असं बोलतो तेव्हा समजावं की उसाला तुरे फुटलेत.

आपलं स्वतःचं इंजिन असतं तर, हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. कावेरी नावाचं इंजिन १९८९ मध्ये मंजूर झालं होतं. २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं करण्यात आलं. मारुतचं घोडं जिथे अडलं होतं, तिथेच तेजसचंही अडलं. मधे फक्त दोन पिढ्या गेल्या.

आणि २०२५ च्या सप्टेंबरचे दोन लागोपाठचे दिवस पाहा. २५ तारखेला ९७ तेजस विमानांचा करार झाला, ६२ हजार ३७० कोटींचा. २६ तारखेला चंडीगडला मिग-२१ ला निरोप देण्यात आला. एका दिवशी वहीत ९७ विमानं चढली, दुसऱ्या दिवशी धावपट्टीवरची उतरली. वायुदलाला ४२ स्क्वाड्रन हवीत. त्या दिवशी उरली २९. पेपरात दोन्ही बातम्या आल्या, पण एकाच पानावर त्या मांडलेल्या मी तरी पाहिल्या नाहीत.

मंजुरीपासून सहीपर्यंत

सरकारी कंत्राट कसं जन्माला येतं याची कल्पना आपल्याला नसते. आपण समजतो की वायुदलाला वाटलं आणि ऑर्डर दिली. प्रत्यक्षात आधी संरक्षण खरेदी परिषद गरज मान्य करते. मग कारखान्याला प्रस्ताव मागितला जातो, किमतीची घासाघीस होते, अर्थखातं प्रश्न विचारतं, शेवटी पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समिती मान्यता देते, आणि मग सही. ९७ तेजसची गरज परिषदेनं मान्य केली नोव्हेंबर २०२३ मध्ये, मंत्रिमंडळ समितीची मान्यता ऑगस्ट २०२५ मध्ये, सही सप्टेंबरात. जवळपास दोन वर्षं. आणि हा प्रवास निविदा न काढता थेट एकाच कंपनीला द्यायच्या कंत्राटाचा! स्पर्धा असती तर किती लागली असती याचा अंदाज आपणच करा.

एकाच कंपनीला काम देताना किंमत ठरवायची कशी, हा माझ्या धंद्यातला प्रश्न. पूर्वीच्या पद्धतीत झालेला खर्च अधिक ठरावीक टक्के नफा असा हिशेब बराच चाले. आमच्या गवंडीकामात दोन प्रकार असतात, रोजंदारी आणि उक्तं. रोजंदारीवरच्या गवंड्याला भिंत लवकर उभी करायची घाई नसते. उक्त्या गवंड्याला घाई असते, पण मालात हात आखडता घेण्याचा मोह होतो. आता कंत्राटं ठरल्या किमतीची, म्हणजे उक्ती होत आहेत. उशीर झाला तर दंडाचं कलमही असतं. पण दंड आकारणारा आणि दंड भरणारा एकाच घरातले असले, तर या खिशातला पैसा त्या खिशात जातो. २०१८ मध्ये एचएएलचे शेअर बाजारात आले, तेव्हापासून मात्र घरात काही बाहेरची माणसंही राहायला आली आहेत. सरकारचा हिस्सा आता साधारण ७२ टक्के. उरलेल्या २८ टक्क्यांत तुमच्या-आमच्या म्युच्युअल फंडाचे पैसेही आहेत. तेव्हा दंडाची झळ थोडी आपल्यालाही बसते, आणि म्हणून प्रश्न विचारायचा हक्कही थोडा आपल्याकडे येतो.

पहिली उचल आणि थकलेलं बिल

जानेवारी २०१९ मध्ये एक बातमी आली होती. कर्मचाऱ्यांचे पगार देण्यासाठी एचएएलला बँकेकडून सुमारे १ हजार कोटी उचलावे लागले. का? तर गिऱ्हाइकांकडे १५ हजार कोटींहून अधिक थकले होते, आणि त्यातला सिंहाचा वाटा वायुदलाचा. त्याआधीच्या वर्षांत सरकारनं मालक म्हणून कंपनीलाच शेअर परत विकून आणि लाभांश घेऊन मोठ्या रकमा काढून घेतल्या होत्या. एका हातानं मालकानं गल्ला रिकामा केला, दुसऱ्या हातानं गिऱ्हाइकानं बिल लांबवलं, आणि दोन्ही हात एकाच माणसाचे.

आज चित्र उलटं आहे. मोठ्या कंत्राटांबरोबर मोठ्या आगाऊ रकमा आल्या. ऊसवाल्याच्या भाषेत पहिली उचल मिळाली. फरक एवढाच की इथे ती शेतकऱ्यानं कारखान्याला दिली. त्या रकमा बँकेत ठेवल्या की व्याज येतं, व्याजानं नफा फुगतो, नफ्यानं शेअर चढतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीला सरकारचा 'महारत्न' दर्जा मिळाला. पण वायुदलाच्या आगाऊ पैशावरचं व्याज ही विमान बनवून मिळवलेली कमाई नाही. आणखी एक गोष्ट वहीत बारीक अक्षरात असते. या कंपनीचं निम्म्याहून अधिक उत्पन्न नवी विमानं विकून येत नाही, ते जुन्यांच्या दुरुस्तीतून आणि देखभालीतून येतं. यात कमीपणा मुळीच नाही. ते अवघड काम आहे आणि एचएएलइतकं ते देशात दुसऱ्या कुणाला येत नाही. पण नवे कपडे शिवायची वही भरलेली आणि चूल चालते रफूवर, अशा शिंप्याला दिवाळीच्या तोंडावर काय वाटत असेल, याचा विचार करावा.

तुलनेसाठी अमेरिकेची लॉकहीड मार्टिन घ्या. २०२४ च्या अखेरीला तिच्या वहीत १७६ अब्ज डॉलरच्या मागण्या होत्या, आणि त्या वर्षाची विक्री ७१ अब्ज डॉलर. म्हणजे अडीच वर्षांचं काम. आपल्या एचएएलचं सहा वर्षांचं. मग कुणाची वही जास्त चांगली? लॉकहीडच्या वहीत ऊस येतो आणि गाळला जातो. तिथली एफ-३५ विमानं तुकड्यातुकड्यांनी, जवळपास दर वर्षी मागवली जातात, आणि रेषा वाहती राहते. तिकडेही सगळं आलबेल आहे असं नाही. जुलै २०२३ ते जुलै २०२४ असं वर्षभर अमेरिकन सरकारनं नवी एफ-३५ ताब्यातच घेतली नाहीत, कारण त्यांची नवी संगणकप्रणाली तयार नव्हती. नंतर ताब्यात घेतानाही प्रत्येक विमानामागे काही रक्कम रोखून धरली. युरोपात एअरबसच्या आवारात २०२५ च्या मध्याला साठएक प्रवासी विमानं इंजिनाविना उभी होती. उशीर सगळ्यांच्या घरी होतो. फरक आहे तो उशीर झाल्यावर गिऱ्हाईक काय करतं यात, आणि मागणीची लय कशी ठेवतं यात.

सातपूर-अंबडचा प्रश्न

आता आपल्या अंगणात येऊ. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला तेजसच्या तिसऱ्या जोडणी-रेषेचं आणि एचटीटी-४० या शिकाऊ विमानाच्या दुसऱ्या रेषेचं संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी उद्घाटन केलं, आणि नाशिकमध्ये बांधलेल्या तेजसनं उड्डाण केलं. ओझरला वर्षाला आठ तेजस, बंगळूरच्या दोन रेषांवर सोळा, असे मिळून चोवीस. ८३ आणि ९७ मिळून १८०. चोवीसनं भागा. साडेसात वर्षं. आणि तीही पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगानं गव्हाण चालली तर. त्याशिवाय वहीत मार्च २०२५ चा १५६ 'प्रचंड' हेलिकॉप्टरांचा ६२ हजार ७०० कोटींचा करार आहे, २०२३ चा ७० शिकाऊ विमानांचा आहे, डिसेंबर २०२४ चा आणखी १२ सुखोईंचा आहे, तो तर ओझरचाच.

सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत जॉबवर्क करणारे अनेक लहान उद्योजक माझे जुने अशील. त्यातल्या एकानं बऱ्याच वर्षांपूर्वी एका मोठ्या कारखान्याच्या भरवशावर महागडं मशीन घेतलं. कंत्राट आलं, दोन वर्षं कामही चाललं, मग मधे कोरडा काळ पडला. बँकेचा हप्ता मात्र कोरडा काळ ओळखत नाही. त्यानं मशीन विकलं. चार वर्षांनी तोच कारखाना नवी ऑर्डर घेऊन दारात आला, तेव्हा तो मला म्हणाला, "साहेब, आता त्यांना मशीन हवंय, मला झोप हवीय." जीईनं अमेरिकेत जे केलं, तेच यानं अंबडमध्ये केलं. जगातला कुठलाही शहाणा माणूस तेच करेल.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं: विमान कारखान्याची क्षमता शेडमध्ये किंवा यंत्रात नसते, ती ऑर्डरीच्या लयीत असते. वीस, वीस, मग दहा वर्षं शांतता, मग एकदम १८०, असा पाऊस पडला तर विहीर भरत नाही, बांध फुटतो. लहान का असेना, पण दर वर्षी ठरलेली मागणी, आणि केलेल्या कामाचं बिल ठरल्या दिवशी, एवढं झालं तरी उतारा सुधारतो. कारखाना सरकारी की खासगी, हा वाद मला दुय्यम वाटतो. मे २०२५ मध्ये पुढच्या पिढीच्या एएमसीए या विमानासाठी खासगी कंपन्यांनाही स्पर्धेत उतरू द्यायचं ठरलं. स्पर्धा चांगलीच. तेजसचे पंख, सांगाड्याचे भाग आज खासगी कंपन्या करूनही देत आहेत. पण मागणीची लय तीच राहिली, तर खासगी मालकही मशीन विकून झोपायला जाईल, आणि तो तर एचएएलपेक्षा लवकर जाईल.

शेवटी श्रोत्यांना एक विनंती. साखर कारखान्याचा हंगाम सुरू होतो तेव्हा गव्हाणीची पूजा होते, पाहुणे येतात, पहिली मोळी टाकतात, फोटो निघतो. संरक्षणाच्या कंत्राटावरची सही ही अशी मोळी आहे. तो फोटो आपण सगळे पाहतो. पण माझे वडील मोळी टाकायला कधी गेले नाहीत. ते हंगामाच्या शेवटी गट ऑफिसात जायचे आणि विचारायचे, नोंद किती होती, गाळप किती झालं, पोती किती पडली. चिटबॉय कंटाळून म्हणायचा, "भाऊ, तुमचा ऊस गेला ना, मग बाकीचं कशाला?" वडील म्हणायचे, "शेजारच्याचा उभा आहे."

यापुढे पेपरात ऑर्डर बुकचा आकडा वाचाल, तेव्हा हे तीन प्रश्न विचारा. नोंद किती, गाळप किती, पोती किती. आणि सरांच्या वतीनं मी चौथा घालतो: ही कमाई आहे, की बोजा?